अर्थाचा ताबा कोणाकडे?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी. स्टेशनऐवजी स्थानक म्हणा, मोबाइलऐवजी भ्रमणध्वनी म्हणा, पासवर्डऐवजी परवलीचा शब्द म्हणा. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो, तोपर्यंत यादीला भरपूर अंगठे मिळतात. २८ तारखेला त्याच ग्रुपवर मेसेज येतो, ‘बी विंगची लाइट गेलीय, एमएसईबीला कुणी फोन केला का?’ वीज मंडळ २००५ सालीच मोडलं आणि आपल्या वाट्याला महावितरण आली. पण डोंबिवलीत लाइट जाते ती अजून एमएसईबीचीच.

दुसरीकडे इन्स्टाग्रामच्या रील्स. त्यात कुणीतरी ‘माझी मिस्टेक झाली’, ‘मी अठराला पास आउट झालो’, ‘मीटिंग प्रीपोन करू या’ असं बोलतं आणि दुसरं कुणीतरी भुवई उंचावून सांगतं की इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग.

ही दोन्ही टोळकी एकमेकांना पाण्यात पाहतात. पहिल्याला वाटतं, दुसऱ्याने मराठी बाटवली. दुसऱ्याला वाटतं, पहिला गावंढळ. माझं म्हणणं असं की दोघांची समजूत एकच आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ साता समुद्रापार कुठेतरी ठरतो आणि त्यात आपल्याला काही बोलायची सोय नाही, हे दोघांनीही मुकाट्याने कबूल करून टाकलंय. म्हणून एकाला तो शब्द हाकलायचाय आणि दुसऱ्याला तो तिकडच्यासारखा वापरून दाखवायचाय. या भांडणात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, आणि आपल्या खिशाशी, घराशी, जिवाशी येऊन भिडणारा प्रश्न नेमका तोच आहे. शब्द कुठून आला ते राहू दे. त्याचा अर्थ आज ठरवतं कोण?

लायटी, फायली आणि चौथी सीट

लाइटपासूनच सुरुवात करू. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हातसुद्धा आपली लाइट जाऊ शकते. ती स्त्रीलिंगी आहे आणि तिचं अनेकवचन लायटी. तसंच फाइलचं फायली, बॅगेचं बॅगा, मशीनचं मशिनी. एखाद्या शब्दाला मराठी अनेकवचन मिळालं की खुशाल समजावं, त्याचं नाव रेशनकार्डावर चढलं.

‘मला बीपी आहे’ हे वाक्य घ्या. बीपी तर प्रत्येकालाच असतं, नसेल तर माणूस गेलेला असतो. पण माझी आजी डॉक्टरांना ‘मला बीपी आहे आणि यंदा शुगरपण निघाली’ असं सांगते, तेव्हा डॉक्टर एका सेकंदात समजतात. वाक्य पूर्ण आहे, नेमकं आहे आणि त्यावर औषधाची चिठ्ठी लिहिता येते. भाषेकडून आणखी काय हवं?

नंबर हा शब्द पाहा. चष्म्याचा नंबर वाढतो. दवाखान्यात नंबर लावतात. मुलीचा वर्गात दुसरा नंबर येतो. कुणाचा तरी धंदा दोन नंबरचा असतो. एकच शब्द, चार कामं, आणि चौथीतलं पोरसुद्धा त्यात गोंधळत नाही.

शेअर घ्या. डोंबिवली स्टेशनला उतरून ‘शेअरने ये’ म्हटलं की रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. सोसायटीत शेअर म्हणजे ते सर्टिफिकेट, जे कपाटात लॉकरच्या चावीशेजारी असतं. काकांचे शेअर पडतात. फोटो शेअर होतात. पार्टी घ्या. इस्टेट एजंटची पार्टी संध्याकाळी फ्लॅट बघायला येते, वाढदिवसाची पार्टी रात्री असते, आणि निवडणुकीच्या वेळची पार्टी कधी इकडे तर कधी तिकडे असते. सोसायटी म्हणजे शहरात इमारत, गावी पीककर्ज देणारी संस्था. सेट घ्या. दही सेट होतं, मोत्यांचा सेट असतो, सेटची परीक्षा असते, मुलगा पुण्यात सेट होतो. सेटिंग झालं, तर मात्र आवाज थोडा खाली घ्यायचा.

आणि लोकल. अप आणि डाउन हे शब्द ब्रिटिश रेल्वेच्या रिवाजातून आले. मोठ्या शहराकडे जाणारी गाडी अप, तिथून निघणारी डाउन. पण रिटर्न या शब्दाचं आपण जे केलं, ते कुठल्याच ब्रिटिश रेल्वेला सुचलं नसतं. सकाळी मुंबईला जायचंय, म्हणून डोंबिवलीहून आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत फिरली की त्यात बसून यायचं. याला रिटर्न येणं म्हणतात, आणि तसं करणारे ते रिटर्नवाले. बसायला जागा मिळावी म्हणून उलटा प्रवास करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्द नाही, कारण ती वेळ त्यांच्यावर आली नसावी. फोर्थ सीट तशीच. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने अर्ध्या मांडीवर टेकायचं, ही जागा रेल्वेने बनवलेली नाही, प्रवाशांनी बनवली आणि तिला नावही त्यांनीच दिलं. स्लो आणि फास्ट ही इंग्रजीत विशेषणं. आपल्याकडे ‘फास्ट गेली, स्लो पकडली’ म्हटलं की ती नामं होतात, आणि गाडी स्त्रीलिंगी म्हणून तीही स्त्रीलिंगी.

वरून शब्द बदलायचा प्रयत्नही आपण पाहिला. जानेवारी २०२२मध्ये रेल्वे बोर्डाने गार्डचं पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं. इंग्रजीच्या जागी इंग्रजीच, तरी प्लॅटफॉर्मवर लोक अजून ‘गार्डचा डबा’च म्हणतात. शब्द परका आहे की नाही याची लोकांना पडलेली नाही. तो आपल्या वापरात बसलाय का, एवढंच ते बघतात.

म्हणून मी म्हणतो की लाइट, नंबर, शेअर, रिटर्न हे मराठी शब्द आहेत. त्यांचा अर्थ इथे ठरला, इथे बदलतो, आणि तो चुकला तर इथली माणसं सुधारतात.

पगार घेताना कुणी लाजत नाही

हे काही नवीन नाही. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे ते क्रियापद, अर्थ ‘पैसे चुकते करणं’. आपण त्याचं नाम केलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला लावून दिलं. गरीब हा शब्द मुळात अरबी. तिथे त्याचा अर्थ परका, अनोळखी. मराठीत तो निर्धन झाला. मजकूर म्हणजे अरबीत ‘ज्याचा उल्लेख झालाय ते’. आपल्याकडे लिहिलेलं सगळंच मजकूर. आता कुणी रील बनवून सांगत नाही की काकू, तुम्ही गरीब हा शब्द चुकीचा वापरताय, कैरोत असं म्हणत नाहीत. मग ‘पास आउट’वरच हसू का येतं?

इंग्रजीनेही हेच केलंय. तिथला नाइस एके काळी ‘मूर्ख’ या अर्थाचा होता. माझ्या स्वतःच्या धंद्यात तर रोजच्या शब्दांची लूट चालते. माउस, क्लाउड, कुकी, बग, विंडो, टेबल, थ्रेड. यातला एकही शब्द मुळात कॉम्प्युटरसाठी बनलेला नाही. काही माणसांना एकत्र काम करायचं होतं, हाताशी शब्द होते, त्यांनी त्यांना नवे अर्थ दिले. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरने केलं तर ती टर्मिनॉलॉजी, आणि डोंबिवलीतल्या भाजीवाल्या मावशींनी केलं तर मिस्टेक? रील बनवणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय. प्रीपोन आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, पण तो तिथे गेल्यावर बरोबर झाला असं नाही. ज्या दिवशी दोन माणसांना तो एकसारखा समजला, त्या दिवशीच तो बरोबर होता. हे हसणं भाषेबद्दल नसतंच. समोरचा कुठल्या शाळेत गेला आणि कुठल्या स्टेशनवर उतरतो, याबद्दल ते असतं.

यादीवाल्यांबद्दल मला जास्त आदर आहे, कारण त्यांच्यामागे एक मोठी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यांचा महापौर आज आपण सहज बोलतो. पेनासाठी सुचवलेली झरणी मात्र कोरडीच राहिली. यात एक धडा आहे, आणि यादीवाल्यांच्या तो हातून निसटलाय. कोशाचं नाव पुन्हा वाचा. राज्यव्यवहार. सत्ता जिथे चालते तिथली, दरबाराची, कारभाराची भाषा हा त्या कोशाचा मुख्य विषय होता. महापौर रुजला तोही महापालिकेच्या कारभारात. पेन काय, ते आधीच लोकांच्या खिशाला लागलेलं होतं, त्यात कुणाची सत्ता नव्हती. आजची यादी नेमकी उलटी आहे. ती स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या मागे लागलीय आणि कारभाराच्या कागदाकडे तिचं लक्षच नाही.

तो कागद आता उघडू.

कार्पेट कुणी अंथरलं?

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत मध्यमवर्गाचं सगळं आयुष्य पाच-सहा इंग्रजी शब्दांवर उभं आहे. कार्पेट, बिल्ट-अप, सीसी, ओसी, रजिस्ट्रेशन, पझेशन. लाइट आणि नंबरसारखेच हेही रोज कानावर पडतात, म्हणून वाटतं की आपल्याला कळतात. फरक इतकाच की यांचा अर्थ आपण ठरवलेला नाही आणि तो आपल्याला कुणी नीट सांगितलेलाही नाही.

कार्पेट म्हणजे गालिचा अंथरता येईल एवढी जमीन, असं सगळे समजतात. १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात कार्पेटचा आकडा बाल्कनी धरून द्यायचा होता, बाल्कनी वेगळी दाखवून. २०१६च्या रेरा कायद्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायची, पण घराच्या आतल्या भिंती धरायच्या. म्हणजे ज्या भिंतीवर गालिचा अंथरताच येत नाही ती कार्पेटमध्ये आली आणि ज्या बाल्कनीत आपण खुर्ची टाकून चहा पितो ती बाहेर गेली. व्याख्या वाईट आहे असं नाही. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली लिफ्ट आणि जिन्याचेही पैसे लावणाऱ्या काळापेक्षा ती कितीतरी बरी. पण एजंट ‘चारशे कार्पेट’ म्हणतो, तेव्हा तो कुठल्या कायद्याचं बोलतोय, की स्वतःच्या मनाचं, हे त्या शब्दावरून कळायला मार्ग नाही.

सीसी तर त्याहून मजेदार. बांधकाम सुरू करायची परवानगी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, ते सीसी. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला म्हणजे कम्प्लीशन सर्टिफिकेट, तेही सीसी. एक इमारत सुरू होताना मिळतं, दुसरं संपल्यावर. ‘सीसी आहे ना?’ विचारलं की समोरचा निर्धास्तपणे ‘आहे’ म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. लोकांनी राहायला जायची परवानगी म्हणजे ओसी, भोगवटा प्रमाणपत्र, ही तिसरीच गोष्ट. ती हातात नसताना किल्ल्या द्यायच्या असल्या की ‘फिट-आउट पझेशन’ असा शब्द निघतो. मराठीत याला सरळ म्हणता येईल, ‘अजून राहायची परवानगी आलेली नाही, पण तुम्ही फर्निचर करून घ्या.’ असं म्हटलं तर किती जण उरलेला हप्ता देतील?

आणि रजिस्ट्रेशन. या शब्दाने आमच्या भागात जे केलंय ते मी विनोदाने सांगू शकत नाही. दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठे आणि फोटो देतो, ते १९०८च्या नोंदणी कायद्याखालचं रजिस्ट्रेशन. प्रकल्पाची महारेराकडे नोंद होते, ते २०१६च्या कायद्याखालचं. सोसायटी स्थापन होते, ते १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखालचं. तीन कायदे, तीन कार्यालयं, तीन वेगवेगळ्या गोष्टी, शब्द एक. पहिल्यात नोंद होते ती दस्ताची. इमारत अधिकृत असल्याचं ते प्रमाणपत्र नव्हे.

नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद तयार करून त्यांवर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले होते. या इमारतींत हजारो कुटुंबं राहतात. त्यांनी घर घेताना विचारलं नव्हतं असं नाही. त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर मिळालं होतं, ‘रेरा रजिस्टर्ड आहे.’ फसवणूक बनावट शिक्क्याने झाली, हे खरं. पण शिक्क्याच्या आधी तो शब्द चालला. रजिस्टर्ड म्हणजे सरकारने तपासलेलं, रजिस्टर्ड म्हणजे पक्कं, हा अर्थ लोकांच्या मनात होता, आणि तो तसाच राहणं कुणाच्या तरी फायद्याचं होतं. तो दुरुस्त करायला ना यादीवाले आले ना रीलवाले.

पडला की घुसला?

घराहून जवळची गोष्ट जिवाची. ९ जून २०२५ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. आमच्या मार्गावर हे वाक्य मराठीत अगदी सोपं आहे, ‘तो गाडीतून पडला.’ डोंबिवलीत असं एखादं तरी माणूस प्रत्येकाला ऐकून माहीत असतं.

कागदावर हे वाक्य दोन इंग्रजी शब्दांपैकी एकाच्या वाटेने जातं. एक म्हणजे ट्रेसपास. १९८९च्या रेल्वे कायद्यात १४७ कलमाखाली तो गुन्हा आहे, म्हणजे माणूस रुळांच्या हद्दीत परवानगीशिवाय घुसला. दुसरा म्हणजे अनटुवर्ड इन्सिडेंट. त्याच कायद्याच्या १२३ कलमात प्रवासी गाडीतून चुकून पडणं हे त्याच्या व्याख्येत येतं, आणि १२४-अ कलमाखाली रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. २०१७पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. रुळांशेजारी सापडलेला माणूस एकच. एका शब्दाने तो गुन्हेगार ठरतो, दुसऱ्याने त्याच्या बायकोला भरपाई मागता येते.

दारात उभा राहिला ही त्याचीच चूक, म्हणजे त्याने स्वतःलाच इजा करून घेतली, असा युक्तिवाद वर्षानुवर्षं होत आला. २०१८मध्ये रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चढता-उतरताना झालेला मृत्यू हा अनटुवर्ड इन्सिडेंटच आहे, प्रवाशाचा निष्काळजीपणा होता एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. शिवाय मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यानेच तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. दोन-तीन इंग्रजी शब्दांचे अर्थ पक्के व्हायला एवढा वेळ लागला, आणि तोवर किती घरांत कुणीतरी ‘ट्रेसपासिंग लिहिलंय म्हणे’ एवढंच ऐकून गप्प बसलं असेल. कुठला शब्द लागू होतो यावर भांडता येतं, हे कळण्यासाठी आधी त्या शब्दाला दोन वाटा आहेत हे माहीत हवं. फलाटावरच्या उद्घोषणा तीन भाषांत होतात. ही माहिती मी तरी एकाही भाषेत ऐकलेली नाही.

माझ्या धंद्यातली नरम भाषा

आयटीवाल्यांनी यात शहाणपणा दाखवू नये, मीही त्यांतलाच आहे. आमच्याकडे माणसाला रिसोर्स म्हणतात. काम नसलेला रिसोर्स बेंचवर असतो. त्याला काढायचं नसतं, रिलीज करायचं असतं, जसं काही इतके दिवस पकडून ठेवलं होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीला एका कंपनीत मीटिंगला बोलावून सांगितलं, ‘तू स्वतः रिझाइन कर, म्हणजे तुझं रेकॉर्ड क्लीन राहील.’ तिने घरी येऊन आईला सांगितलं, ‘रिझाइन केलं.’ आईने विचारलं, ‘का गं, चांगली नोकरी होती ना?’ आता यावर काय उत्तर द्यायचं?

मराठीत दोन स्वच्छ क्रियापदं आहेत, सोडली आणि काढलं. आपल्या आयांना त्यांतला फरक कळतो, आणि कायद्यालाही कळतो. मालकाने शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कारणाने नोकरी संपवली की ती छाटणी, आणि कायदा ज्यांना लागू होतो त्यांना सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. स्वतः दिलेला राजीनामा म्हणजे छाटणी नव्हे. म्हणून तर रिझाइन शब्दाचा एवढा आग्रह. माझ्या वयाच्या मुलामुलींना मला सांगायचंय की मीटिंगमधून बाहेर आल्यावर तेच वाक्य मनात एकदा मराठीत म्हणून बघा. ‘सोडली’ म्हणताना जीभ अडखळली, तर सही करू नका.

मग करायचं काय?

रीलवाले म्हणतील, इंग्रजी नीट शिका, मग कुणी फसवणार नाही. हे खरं नाही. इंग्रजी साहित्यात एमए केलेल्या माणसालाही सीसी म्हणजे दोनांपैकी कुठलं, हे ऐकून कळणार नाही. हे शब्द इंग्रजीच्या ज्ञानाने सुटत नाहीत, कारण त्यांचा अर्थ इंग्रजी भाषेत नाही, कायद्याच्या कलमांत आहे.

यादीवाले म्हणतील, मराठी प्रतिशब्द वापरा. तेही झालंय. कार्पेट एरियाला सरकारी मराठीत चटई क्षेत्र म्हणतात, आणि एफएसआयला चटई क्षेत्र निर्देशांक. पण एफएसआय मोजताना कार्पेट मोजत नाहीत, सगळ्या मजल्यांवरचं बांधकाम मोजतात. दोन वेगळ्या मापांना एकच चटई अंथरून ठेवलीय. भोगवटा हा शब्द तर अस्सल मराठी, पण माझ्या पिढीतल्या दहा जणांना विचारा, तो त्यांना ओसीपेक्षा जास्त परका वाटेल. शब्द देशी असला म्हणजे अर्थ आपल्या हातात आला असं होत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठीच्या नावाने बरंच झालं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण बिल्डरच्या ऑफिसबाहेरची पाटी देवनागरीत झाली आणि आत टेबलावरचा करारनामा होता तसाच राहिला, तर भाषा जिंकली कुठे? मी आमच्या इमारतीतले आणि मित्रांचे जेवढे करारनामे पाहिलेत, तेवढे सगळे इंग्रजीत आहेत. आयुष्यातली सगळ्यात मोठी सही ज्या कागदावर करतो, तो वाचून समजला असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

कोड लिहिताना एक साधा नियम असतो. एखादं नाव वापरायचं तर ते कशासाठी आहे हे आधी सांगायचं. न सांगता वापरलं तर मशीन पुढे जायला नकार देतं. मशीनला हे चालत नाही, तर माणसांना का चालावं? माझी मागणी एवढीच आहे. घराच्या प्रत्येक करारनाम्याच्या पहिल्या पानावर, आपण बोलतो त्या मराठीत, सहा ओळी हव्यात. कार्पेट म्हणजे काय आणि त्यात बाल्कनी आहे का. सीसी कुठली आहे आणि कुठली अजून यायचीय. ओसी आली का. रजिस्ट्रेशन कशाचं आहे आणि कशाचं नाही. किल्ल्या मिळाल्यावर राहायची परवानगी आहे की फक्त फर्निचर करायची. आणि हे सगळं तपासायचं तर कुठल्या कार्यालयात कुठला कागद मागायचा. इंग्रजी शब्द तसेच राहू द्या, मला त्यांचं वावडं नाही. कंसात त्यांचा अर्थ आपला हवा. असंच एक पान रेल्वेच्या भरपाईबद्दल प्रत्येक स्टेशनवर, तिकीट खिडकीशेजारी लागायला हवं.

भाषेसाठी मोर्चा काढणाऱ्यांनी, पत्रं लिहिणाऱ्यांनी, यादी फॉरवर्ड करणाऱ्यांनी ही मागणी हातात घ्यावी. त्यांच्याकडे माणसं आहेत, आवाज आहे, आणि दर फेब्रुवारीला उत्साहही असतो. तो पासवर्डला परवलीचा शब्द म्हणवण्यात संपतोय, याचं मला वाईट वाटतं.

तोवर आपल्याला एक गोष्ट फुकटात करता येईल. एजंट ‘सीसी आहे’ म्हणाला की विचारायचं, ‘कुठली सीसी?’ ‘रजिस्टर्ड आहे’ म्हणाला की विचारायचं, ‘काय रजिस्टर्ड आहे? कुठे?’ एचआर ‘रिझाइन’ म्हणाली की विचारायचं, ‘मी सोडतेय की तुम्ही काढताय?’ प्रश्न विचारताना इंग्रजी फाडफाड नसलं तरी चालेल. समोरच्याला उत्तर मात्र मराठीत द्यायला लावायचं.